आदिवासी माहितीपट, गोवा

आपली जमीन, घराणे आणि समाज यांवर त्याच समाजातील माणसांनी केलेले माहितीपट. कॅमेरा आदिवासी हाती आला म्हणजे झाले, असे नाही. काय दाखवायचे, काय झाकायचे आणि चित्रण कोणाकडे राहायचे हे गावाने ठरवले पाहिजे. अमेरिकेत १९६६ साली नावाहो लोकांच्या हाती कॅमेरे देण्याचा प्रयोग झाला. ब्राझीलमध्ये १९८६ पासून ‘व्हिडिओ नास आल्देयास’ (गावांतला व्हिडिओ) या उपक्रमाने ही वाट रुंद केली.

गोव्यात गावडा, कुणबी आणि वेळीप यांना २००३ साली अनुसूचित जमातींचा दर्जा मिळाला. केपे, सांगे, काणकोण भागांत कुमेरी (डोंगरउतारावरची फिरती शेती), खाणी आणि वनहक्क हे विषय माणसांच्या रोजच्या जगण्यातले आहेत.

या कामाचा कणा म्हणजे चालती मुलाखत. जाणत्या माणसाला खुर्चीत बसवले की तो चार वाक्यांत आटपतो. तोच मेरेवरून, म्हणजे जमिनीच्या हद्दीवरून, चालू लागला की एकेका झाडाची, झरीची ओळख सांगू लागतो. सुरुवात न हलणाऱ्या खुणेपासून करावी, जसे विहीर किंवा देवराईतला दगड. दिवस, जागा आणि नाव त्याच्याच तोंडून आधी घ्यावे. कॅमेरा तीन-चार पावले मागे, किंचित बाजूला. बोट आणि बोट दाखवते ती जमीन एकाच चौकटीत हवी. थांबल्यावर मिनिटभर कोणी न बोलता नुसता परिसराचा आवाज घ्यावा. सड्यावर, म्हणजे उघड्या कातळपठारावर, माइकला केसाळ टोपी नसेल तर शब्द वाऱ्यात बुडतात, आणि ते संकलनात परत मिळत नाहीत.

वनहक्क कायद्यात (२००६) आदिवासींच्या वनजमिनीवरील दाव्यासाठी १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवावा लागतो. नियमांनुसार घर, बांध, विहिरी, दफनभूमी, देवस्थाने आणि दावेदाराव्यतिरिक्त इतर जाणत्यांचे लेखी जबाब पुरावा ठरतात. म्हणून या जागा नीट टिपाव्यात, पण चित्रफितीवर विसंबू नये: बोललेला जबाब कागदावर उतरवलाच पाहिजे.

पौषातला धालो हा गाण्या-नाचाचा उत्सव बायकांचा, रात्रीचा आणि मांडावरचा, म्हणजे गावाच्या पवित्र अंगणातला. तिथे बाईनेच कॅमेरा धरणे योग्य, तेही मांडाची परवानगी घेऊन. दिवे लावू नयेत, मोठ्या छिद्राचे, जास्त प्रकाश घेणारे भिंग वापरावे. ट्यूबलाइट असेल तर शटर १/५० ठेवावे, नाहीतर पडद्यावर पट्टे सरकतात.

पावसाळ्यात भिंगाला बुरशी धरते. हवाबंद डब्यात सिलिका जेल ठेवावे. वातानुकूलित गाडीतून उतरल्यावर कॅमेऱ्याची पिशवी अर्धा तास बंदच असू द्यावी, म्हणजे थंड भिंगावर दव धरत नाही. सेकंदाला १०० मेगाबिट दराने तासाभराचे चित्रण ४५ जीबी होते. त्याच्या दोन प्रती, दोन वेगळ्या घरांत. त्यांतली एक गावातच.

कच्चे संकलन आधी गावात दाखवावे. बोलणे कोंकणीतच राहू द्यावे, खाली मराठी अक्षरे द्यावीत. कुमेरी आणि मांड हे शब्द तसेच ठेवावेत. मेर चुकली किंवा वारलेल्या माणसाची चित्रे घरच्यांना नको वाटली, तर ती दृश्ये काढूनच पुढचे संकलन करावे.