कपाळावरचे तीन हिरवे दिवे

नोव्हेंबर २००२ मध्ये ‘स्प्लिंटर सेल’ हा व्हिडिओ गेम एक्सबॉक्स या खेळाच्या यंत्रावर आला, तेव्हा त्याचा नायक, गुप्तहेर सॅम फिशर, याच्या कपाळावरच्या नाइट व्हिजन गॉगलला तीन हिरवे दिवे होते. अंधारात दडून राहणे हाच ज्याचा धंदा, त्याने डोक्यावर दिवे लावून फिरावे हे तसे हास्यास्पदच. पण ते दिवे खेळातल्या पहारेकऱ्यांना दिसतच नाहीत. ते खेळणाऱ्यासाठी आहेत, कारण त्यांच्यावाचून पडद्यावरच्या काळोखात आपला माणूस नेमका कुठे उभा आहे हे कळणे कठीण झाले असते. एखाद्या खेळाने पडदा इतका काळा ठेवण्याचे धाडस करावे, आणि लोकांनी त्यात तासन्‌तास मान खाली घालून बसावे, यामागे लढण्यापेक्षा लपण्यावर भर देणाऱ्या, म्हणजे ‘स्टेल्थ’ प्रकारच्या, खेळांचा तेव्हाच दोन दशकांचा इतिहास जमा झालेला होता.

त्याचे एक टोक १९८१ मध्ये सापडते. अमेरिकेतील मेरीलँड राज्यातल्या म्यूज सॉफ्टवेअर या कंपनीसाठी सायलस वॉर्नर यांनी ॲपल टू संगणकावर ‘कॅसल वुल्फेनस्टाइन’ लिहिला. नाझींच्या किल्ल्यातून युद्धाचे गुप्त आराखडे घेऊन निसटायचे, एवढाच त्याचा विषय. गोळ्या मोजक्याच असत आणि पेटी उघडायला वेळ लागे. शत्रूचा गणवेश चढवला की साधे शिपाई फसत, पण एसएस या नाझींच्या खास दलाचे सैनिक फसत नसत. संगणकातून खरखरीत आवाजात जर्मन दरडावणी ऐकू आली की छातीत धस्स होई, कारण समोरासमोरच्या झटापटीत आपला निभाव लागणार नाही हे खेळाडू एव्हाना शिकलेला असे.

दुसरे टोक जपानमधले आहे, आणि ते मला अधिक बोलके वाटते. कोनामी कंपनीत नुकतेच रुजू झालेले हिदेओ कोजिमा यांच्याकडे एमएसएक्स टू या घरगुती संगणकासाठी युद्धाचा खेळ करण्याचे काम आले. त्या यंत्रावर एका आडव्या ओळीत आठांहून अधिक हलती चित्रे दाखवता येत नसत. नायक, चार-सहा शत्रू आणि उडणाऱ्या गोळ्या एका रांगेत आल्या की काही चित्रे गायब होत. धुमश्चक्रीचा खेळ अशा यंत्रावर उभा राहणे अवघडच होते. तेव्हा कोजिमा यांनी प्रश्नच उलटा केला: लढण्याऐवजी लपायचे ठरवले, तर पडद्यावर दोन-तीन शत्रूही पुरेसे होतात. १९८७ चा ‘मेटल गिअर’ असा यंत्राच्या उणिवेतून जन्माला आला. नायक दिसताच पहारेकऱ्याच्या डोक्यावर उमटणारे उद्गारचिन्ह, ही त्याची खूण आजही ओळखली जाते.

१९९० मध्ये आलेल्या दुसऱ्या भागात पहारेकऱ्यांना आवाज ऐकू येऊ लागला, नायक सरपटू लागला, आणि आसपासचे शत्रू दाखवणारा रडार आला. येथून या खेळांचे खरे भांडवल ठरले: माहिती. आपल्याकडच्या लपाछपीत ज्याच्यावर राज्य असते त्याच्या मागून दबक्या पावलांनी जाऊन धप्पा घालणाऱ्या पोराला जे सुख मिळते, तेच हे सुख आहे. समोरचा आपल्याला दिसतो आहे आणि त्याला आपला पत्ताही नाही, यात जी मजा आहे ती नुसत्या धावण्यात नाही.

१९९८ हे या प्रकाराचे सुगीचे वर्ष. त्या वर्षी जपानमधून ‘तेन्चू’ आणि प्लेस्टेशन या खेळाच्या यंत्रावरचा ‘मेटल गिअर सॉलिड’ आले. दुसऱ्यात अलास्काजवळच्या बर्फाळ बेटावर नायकाच्या पावलांचे ठसे उमटत आणि पहारेकरी ते पाहून मागावर येत. अमेरिकेत लुकिंग ग्लास स्टुडिओजने ‘थीफ’ काढला. त्यात गालिच्यावरून चालले तर पाऊल वाजत नसे, फरशीवर आणि लोखंडी जाळीवर ते खणखणत असे, आणि पाण्याचा बाण मारून मशाल विझवता येत असे. काठिण्याच्या वरच्या पातळीवर तर माणूस मारण्यासच बंदी होती. यंत्रे आता सबळ झाली होती. नायकाला दुबळे ठेवायचे ते आता जाणूनबुजून ठेवावे लागत होते.

‘स्प्लिंटर सेल’ने हा वारसा उचलला. युबीसॉफ्टच्या माँट्रियाल शाखेने प्रकाशालाच खेळाचे मैदान केले. पडद्याच्या कोपऱ्यातली पट्टी आपण किती उजेडात आहोत ते दाखवते. पिस्तुलाची गोळी माणसाऐवजी बल्बवर खर्च करणे बहुधा शहाणपणाचे ठरते. आणि अनेक मोहिमांत तिसऱ्यांदा धोक्याची घंटा वाजली की मोहीम संपते. २००५ च्या ‘केऑस थिअरी’त आवाजाचीही पट्टी आली. भोवतालचा आवाज किती आणि आपला किती, हे दोन्ही ती शेजारी दाखवते, म्हणून पेरूच्या किनाऱ्यावरल्या पहिल्याच मोहिमेत मेघगर्जनेची वाट पाहून पाऊल टाकणारा खेळाडू तयार झाला. इतके साधे आणि इतके नेमके साधन या प्रकारात मला दुसरे आठवत नाही.

महाराष्ट्रातल्या अनेकांची या प्रकाराशी ओळख मात्र वेगळ्या वाटेने झाली. नॉर्वेच्या इनरलूप स्टुडिओजचा २००० मधला ‘प्रोजेक्ट आयजीआय’ आपल्या सायबर कॅफेंत आणि कॉम्प्युटर क्लासमध्ये भरपूर खेळला गेला. तसा तो बंदुकीचाच खेळ, पण मोहिमेच्या मध्ये सेव्ह करण्याची, म्हणजे तिथवरचा खेळ राखून ठेवण्याची, सोय नव्हती, आणि कॅमेऱ्याने टिपले की बराकीतून शिपाई बाहेर पडत. मग आधी उपग्रहाच्या नकाशावर छावणी न्याहाळायची, दुर्बिणीने बुरुजावरचा पहारेकरी हेरायचा, कॅमेऱ्यांचा संगणक गाठून ते बंद करायचे, हा शिरस्ता आपोआप अंगवळणी पडे.

पुढे ‘स्प्लिंटर सेल’ स्वतःच्याच वाटेवरून थोडा सरकला. २०१० च्या ‘कन्व्हिक्शन’मध्ये फिशर आधी शत्रूंवर खुणा करून मग एका दमात तीन-चार जण टिपू लागला, जुने चाहते नाराज झाले, आणि माझ्या मते त्यांचे म्हणणे बरोबर होते, कारण तिथे नायकाला घाबरण्याचे कारणच उरले नव्हते. २०१३ च्या ‘ब्लॅकलिस्ट’ने लपून जाणाऱ्यांनाही वेगळे गुण देऊन ती नाराजी काही प्रमाणात दूर केली. त्यानंतर मालिकेचा मुख्य भाग आलेला नाही. डिसेंबर २०२१ मध्ये युबीसॉफ्टने जाहीर केला तो नवा भाग नव्हताच. २००२ चा पहिला खेळ टोरंटोच्या शाखेत नव्याने बांधला जाणार, अशी ती घोषणा होती.