टर्मिनल हलतो तो कशामुळे? जड वाहनांच्या बॅटरीची पार्श्वभूमी

उसाचा हंगाम लागला की कराड-इस्लामपूर पट्ट्यात ट्रक-ट्रॅक्टरवाल्यांची एक तक्रार ठरलेली असते : टर्मिनल (केबल जोडायचा बॅटरीवरचा शिशाचा खांब) हलतोय, गाडी सेल्फ उचलत नाही. दोष खड्ड्यांच्या माथी जातो. खड्डे आहेतच; पण बॅटरीची बनावट बदलली आणि तिला हाताळायच्या सवयी जुन्याच राहिल्या, हे कारण मला जास्त मोठं वाटतं.

शिसं आणि आम्लाची बॅटरी गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये बनवली. चार्ल्स केटरिंग या अमेरिकी अभियंत्याचा सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवणारी विजेची मोटर, १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये बसला आणि हँडल मारण्याचं काम बॅटरीच्या गळ्यात पडलं. डिझेल इंजिनात हवा फार दाबावी लागते, म्हणून ते फिरवायला ताकदही जास्त लागते. मोठ्या ट्रकमध्ये १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडतात ते यासाठीच. सेल्फ मारताना टर्मिनलच्या त्या बोटभर जाडीच्या शिशातून कित्येकशे अँपिअर धावतात.

जुनी बॅटरी काळ्या एबोनाइटच्या (कडक रबराच्या) पेटीत असे. बॅटरीतले सेल, म्हणजे वेगवेगळे कप्पे, जोडणाऱ्या शिशाच्या पट्ट्या वर उघड्या, झाकणाच्या कडा डांबराने बुजवलेल्या. टर्मिनल ढिला झाला तर कारागीर डांबर तापवून झाकण उचकटी आणि शिसं वितळवून सांधा परत जोडी. शिसं ३२७ अंश सेल्सिअसलाच वितळतं, त्यामुळे हे गल्लीतल्या दुकानातही जमे.

१९६० च्या दशकाच्या अखेरीपासून पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकच्या पेट्या आल्या. हलक्या, सहसा न तडकणाऱ्या, झाकण वितळवून कायमचं चिकटवलेलं. आता झाकणात शिशाचं बुश (पोकळ नळी) ओतलेलं असतं, आतल्या शिशाच्या प्लेटांकडून आलेला खांब त्यातून वर येतो आणि माथ्यावर दोन्ही वितळवून एक करतात. इथेच मेख आहे. प्लास्टिक आणि शिसं एकमेकांना चिकटत नाहीत, प्लास्टिक फक्त आवळून धरतं. पान्याने पीळ बसला की ती पकड सुटते, फटीतून आम्ल वर झिरपतं आणि क्लॅम्पवर (केबलच्या टोकाच्या पकडीवर) पांढरी-हिरवट पूड धरते.

तरीही क्लॅम्प हातोडीने ठोकूनच बसवला जातो. पॉझिटिव्ह खांब माथ्याला साधारण १७.५ मिमी, निगेटिव्ह १५.९ मिमी. पॉझिटिव्हचा क्लॅम्प निगेटिव्हवर चढवला की तो सैल बसणारच. मग पत्र्याचा तुकडा कोंबायचा आणि नट पिळत राहायचं! ट्रॅक्टरवर तर बॅटरी दाबून धरणारी पट्टी गायब आणि तिच्या जागी सायकलची ट्यूब. ट्रकची मोठी बॅटरी चाळीस किलोंच्या घरात भरते. ती उसळली की धक्का केबलमार्फत थेट खांबाला बसतो.

सांध्यात ०.००५ ओहमचा अडथळा आला तरी ५०० अँपिअरला अडीच व्होल्ट तिथेच खर्ची पडतात आणि १२५० वॉटची उष्णता तयार होते. ठिणगी पडली तर धोका वेगळाच, कारण चार्जिंगमध्ये निघणारा हायड्रोजन हवेत ४ टक्के झाला की पेटू शकतो.

हलणाऱ्या टर्मिनलवर वरून शिसं ओतून देणारे अजून भेटतात. माथ्यावरचा सांधा सुटला असेल तर त्याने काही दिवस निघतात. पण मीटर १२.६ व्होल्ट, म्हणजे बॅटरी भरलेली, दाखवतो आणि सेल्फ मारताच सगळं शून्यावर येतं, असं असेल तर खांब बहुधा आत, प्लेटा जोडणाऱ्या पट्टीपाशी तुटलेला असतो. तिथवर पोचायला झाकण फोडावं लागतं, आणि फोडलेलं झाकण परत बसत नाही.