पाणी किती घालायचं?

भारतात विकल्या जाणाऱ्या बहुतेक व्हिस्कीच्या बाटल्यांवर एक विचित्र आकडा छापलेला असतो: 42.8 टक्के. धड 40 नाही, धड 45 नाही. हा इंग्रजांच्या जुन्या 'प्रूफ' मापाचा अवशेष. त्या मापात 57.1 टक्के अल्कोहोल म्हणजे 100 प्रूफ. बंदुकीची दारू मद्यात भिजवायची आणि ती पेटते का ते बघायचं, यावरून हे माप आलं असं सांगतात. 57.1 चा पाऊण हिस्सा काढा, उत्तर 42.8 येतं. ब्रिटनने 1980 साली हे माप मोडीत काढलं, आपल्या बाटल्यांवर मात्र त्याची सावली अजून आहे.

आता हिशोब करू. 60 मिलीच्या लार्ज पेगमध्ये शुद्ध अल्कोहोल सुमारे 25.7 मिली. त्यात 120 मिली पाणी घातलं की ग्लासातलं मिश्रण 14 टक्क्यांच्या आसपास येतं, म्हणजे साधारण वाइनइतकं. आपल्याकडच्या बहुतेक बैठकांत व्हिस्की अशीच वाइनच्या ताकदीने प्यायली जाते. आणि बैठकीत एक तरी जण असतोच, जो पाण्याचा जग पुढे सरकला की ग्लासावर हात ठेवतो आणि म्हणतो, "खरी व्हिस्की 'नीट' प्यायची असते, पाण्याशिवाय." (ती कशीही प्या, महाराष्ट्रात त्यासाठी 1949 च्या दारूबंदी कायद्याखाली परवाना लागतो, हे किती जणांच्या गावी असतं देव जाणे.)

नीटवाल्यांचं म्हणणं अर्धंच खरं आहे.

स्वीडनच्या लिनियस विद्यापीठातल्या ब्यॉर्न कार्लसन आणि रान फ्रीडमन यांनी 2017 साली संगणकावर पाणी, अल्कोहोल आणि ग्वायाकॉल या तिघांच्या रेणूंची जुळणी करून पाहिली. ग्वायाकॉल हा धुरकट वासाचा रेणू. स्कॉटलंडमध्ये, विशेषतः आयला बेटावर, मोड आलेलं बार्ली पीटच्या धुरावर वाळवतात. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षं साचलेला, अर्धवट कुजलेला वनस्पतींचा थर. तिथल्या व्हिस्कीला काहींच्या नाकाला दवाखान्यासारखा वाटणारा जो वास येतो, त्यात ग्वायाकॉलचा आणि त्याच्या भाऊबंदांचा मोठा हात असतो. गणितात असं दिसलं की 45 टक्के अल्कोहोलपर्यंत ग्वायाकॉल द्रवाच्या पृष्ठभागावर, हवेच्या सीमेशी गोळा होतो. 59 टक्क्यांच्या वर मात्र अल्कोहोलचे रेणू त्याला वेढून आत ओढून घेतात. वास यायचा तर रेणू हवेत उडायला हवा, आणि उडायचं तर आधी वर यायला हवं. पिंपातून काढलेली, 60 टक्क्यांच्या घरातली व्हिस्की थोडं पाणी घालताच 'उघडते' असं जुने पिणारे सांगत आलेत, त्याचं एक कारण हे. पण हे गणित एकाच रेणूचं आहे. सगळेच रेणू पाण्याने वर येत नाहीत. एस्टर नावाचे लांब साखळीचे काही रेणू पाणी वाढलं की एकमेकांना चिकटून बारीक गोळे करतात आणि त्यांचा वास दबतो. थंड करून न गाळलेल्या माल्टमध्ये, म्हणजे मोड आलेल्या बार्लीच्या व्हिस्कीत, पाणी किंवा बर्फ घातल्यावर जी धुरकी येते, ती याच मंडळींची.

मग नेमकं किती पाणी? अमेरिकेत वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी 25 व्हिस्क्यांत टप्प्याटप्प्याने पाणी घालून जाणकारांना त्यांचा वास घ्यायला लावला. 2023 साली आलेला निष्कर्ष असा: मिश्रणात पाणी 20 टक्क्यांपर्यंत असेल तर प्रत्येक व्हिस्की आपली ओळख टिकवते. त्यापुढे स्कॉच दुसऱ्या स्कॉचसारखी वाटू लागते, अमेरिकी बर्बन दुसऱ्या बर्बनसारखी. लार्ज पेगला हे प्रमाण लावलं तर 15 मिली पाणी, म्हणजे चहाच्या चमच्याने मोजून तीन चमचे. पाण्याच्या जगाने ओतायचं कामच नाही.

गंमत म्हणजे स्कॉटलंडमधले ब्लेंडर, म्हणजे वेगवेगळ्या व्हिस्क्यांचं मिश्रण जमवणारे, ज्यांचं नाक हेच ज्यांचं भांडवल, ते नमुने 20 टक्के अल्कोहोलपर्यंत पातळ करून हुंगतात. त्यांना मजा घ्यायची नसते, दोष हुडकायचे असतात. दिवसभरात ढीगभर नमुने तपासायचे तर अल्कोहोलने नाक बधिर होऊन चालत नाही.

इथवर वाचून कोणाला वाटेल की आपण सगळे आयुष्यभर चुकीचं पीत आलो. मला तसं वाटत नाही. आपल्या ग्लासात असतं काय ते बघा. देशी ब्लेंडेड व्हिस्कीतला मोठा भाग बहुधा धान्याचा किंवा मळीचा शुद्ध स्पिरिट असतो. मळी म्हणजे साखर कारखान्यात साखर काढून झाल्यावर उरलेला काळा पाक. महाराष्ट्राला त्याची ओळख करून द्यायला नको. ती आंबवून उंच स्तंभांत 96 टक्क्यांपर्यंत गाळली की वासाचे जवळपास सगळे रेणू मागे राहतात आणि हाती येतं जवळजवळ बिनवासाचं अल्कोहोल. त्यात थोडं माल्ट मिसळलं की झाली ब्लेंडेड व्हिस्की. युरोपीय संघात व्हिस्की धान्याचीच असावी लागते, म्हणून मळीच्या मालाला तिथे ते नाव लावू देत नाहीत. मूळ द्रव्यातच गंध बेताचा असेल, तर ग्लासभर पाण्याने बुडणार तरी काय? नाकाच्या दृष्टीने आपली पद्धत आपल्या मालाला साजेशीच आहे.

माल्टचं गणित वेगळं, आणि ते घडतं लाकडात. स्कॉच म्हणवून घ्यायला ओकच्या पिंपात किमान 3 वर्षं काढावी लागतात. लाकडातलं लिग्निन तुटून व्हॅनिलाचा वास देणारं व्हॅनिलिन तयार होतं, आणि ओकमधल्या लॅक्टोनमुळे नारळाची झाक येते. अमेरिकी बर्बनला कायद्याने दर वेळी नवं, आतून जाळलेलं पिंप लागतं. रिकामी झालेली पिंपं स्कॉटलंड विकत घेतं. एकदा उकळलेल्या पत्तीचा दुसरा चहा जसा सौम्य, तसाच या वापरलेल्या पिंपांचा लाकडी वास मवाळ असतो.

पिंप हवाबंद नसतं. स्कॉटलंडमध्ये वर्षाला साधारण 2 टक्के माल उडून जातो. याला तिथे देवदूतांचा वाटा म्हणतात. गोव्यात कुंकळ्ळीला पॉल जॉन माल्ट मुरतं, तिथे हा वाटा 8 टक्क्यांच्या आसपास, आणि बेंगळुरूच्या अमृत या कंपनीकडे त्याहूनही जास्त. 12 वर्षं ठेवायचं म्हटलं तर स्कॉटलंडमधल्या पिंपात 78 टक्के माल उरेल, गोव्यातल्या पिंपात जेमतेम 37 टक्के. उष्णतेत द्रव लाकडात खोल शिरतो आणि रंग-वास लवकर घेतो, त्यामुळे इतकं थांबायची गरजही पडत नाही. म्हणून भारतीय सिंगल माल्टच्या बाटलीवर वयाचा आकडा क्वचितच दिसतो. तो नाही म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी हवामानाचा विचार केलेला नसतो. उडालेल्या वाट्याची बाओडोइनिया नावाच्या बुरशीला चैन असते. हवेतल्या अल्कोहोलवर ती पोसते आणि गोदामांच्या भिंती, आसपासची झाडं काजळी धरल्यासारखी काळी पडतात.

आता घशातल्या जाळाबद्दल. आपल्या तोंडात टीआरपीव्ही1 नावाचे ग्राही असतात. त्यांचं काम भाजतंय हे कळवणं, आणि एरवी ते सुमारे 42 अंश सेल्सिअसला जागे होतात. अल्कोहोल हा उंबरठा 34 अंशांच्या आसपास खाली आणतं, हे 2002 साली दाखवलं गेलं. तोंडाचं स्वतःचं तापमान त्याहून जास्त असतं. म्हणजे व्हिस्की जाळत नाही, तिच्यामुळे आपलीच ऊब आपल्याला चटका वाटते. याच ग्राहीच्या आणि कडू चवीच्या ग्राहींच्या जनुकांत माणसामाणसांत फरक असतात. पेनसिल्वेनिया स्टेट विद्यापीठाच्या 2014 च्या अभ्यासात या फरकांनुसार लोकांना अल्कोहोल कमीजास्त कडू आणि जळजळीत लागलं. तेव्हा एखाद्याला नीट सोसवत नसेल तर त्याच्या मर्दानगीचा प्रश्न काढू नये. जीभच वेगळी आहे. ('पचते' म्हणून जास्त पिणाऱ्यांनी मात्र यात आधार शोधू नये. पाणी कितीही घाला, लार्जमधलं अल्कोहोल 20 ग्रॅमच राहतं आणि यकृताला तेवढंच निस्तरावं लागतं.)

बर्फाने जळजळ कमी होते, पण गार द्रवातून वासाचे रेणू कमी उडतात, म्हणून वासही जातो. महागडी माल्ट बर्फाने भरलेली बघितली की मला त्या पैशांचं वाईट वाटतं. सोड्याचं तसं नाही. कार्बन डायऑक्साइड जिभेवर आंबट चवीच्या पेशींना डिवचतो आणि वेगळीच तरतरी आणतो. जपान्यांनी यातून हायबॉल, म्हणजे सोडा घातलेली व्हिस्की, जेवणासोबत घ्यायची रीतच रूढ केली आहे.

आणि चकणा. मीठ कडवटपणा दाबतं, हे ब्रेसलिन आणि बोशाँ या संशोधकांनी 1997 साली प्रयोगाने दाखवलं. त्यामुळे खाऱ्या शेंगदाण्यांनंतरचा घोट गोडसर लागतो तो काही भास नव्हे. मिरचीचं मात्र उलट आहे. तिच्यातलं कॅप्सायसिन त्याच टीआरपीव्ही1 ला चेतवतं, ज्याचा उंबरठा व्हिस्कीने आधीच खाली आणलेला असतो. मसाला शेंगदाणे, चिकन सिक्स्टी फाइव्ह, वर तिखट चिवडा असा बेत असेल तर घसा पेटणारच, आणि मग पाण्याच्या जगाकडे हात जाणार. आपल्याकडे व्हिस्कीत इतकं पाणी पडतं त्याचं खापर थोडं चकण्यावरही फोडायला हवं. चांगली माल्ट उघडणार असाल तर त्या दिवशी खारे काजू ठेवा, मिरची दुसऱ्या दिवशी.