मशीनला खोटं कळत नाही, घाम कळतो

अमेरिकेत पोलिसात जायचं तर बऱ्याच ठिकाणी लेखी, धावणं, मेडिकल यासोबत अजून एक टप्पा पार करावा लागतो, लाय डिटेक्टर म्हणजेच पॉलिग्राफ. गंमत नाही, खरंच चांगली चांगली पोरं तिथे बाद होतात. 1988 च्या कायद्याने तिथल्या बहुतेक खाजगी कंपन्यांना नोकरी देताना ही टेस्ट घ्यायची बंदी केली, पण सरकारी खाती त्यातून वगळली, त्यामुळे कॅशियर ठेवताना जे चालत नाही ते पोलिस घेताना चालतं. मला हे अजिबात पटत नाही.

मशीन काय करतं ते बघा. छातीला आणि पोटाला एकेक नळी बांधतात, त्यावरून श्वास कळतो, दंडाला बीपीचा पट्टा आणि दोन बोटांना सेन्सर. आपण घाबरलो की तळहाताच्या घामाच्या ग्रंथी लगेच कामाला लागतात, कातडी किंचित ओली होते आणि ओल्या कातडीतून वीज जास्त सहज जाते, ग्राफवरची रेघ वर चढते. एवढंच. खोटं बोलल्यावरच होईल आणि एरवी होणारच नाही अशी कुठलीही खूण शरीरात आजपर्यंत सापडलेली नाही. भीती, लाज, राग, नोकरी जाईल ही धाकधूक, सगळ्याला रेघ सारखीच चढते.

गुन्ह्याच्या तपासात निदान प्रश्न नेमका असतो, त्या रात्री तू तिथे होतास का. भरतीत विचारतात, आधीच्या नोकरीत कधी काही चोरलंय का? आता प्रामाणिक माणसाला खिशात राहून घरी आलेलं ऑफिसचं पेन आठवतं, हे सांगायचं की नाही या विचारातच त्याचे हात गार पडतात. जो खरंच निर्ढावलेला आहे त्याला काहीच होत नाही. सीआयए मधला आल्ड्रिच एम्स सोव्हिएत युनियनला माहिती विकत होता आणि 1986 ला आणि 1991 ला, दोन्ही वेळा पॉलिग्राफ पास झाला, पकडला गेला 1994 ला.

आणि हिशोब तर त्याहून वाईट आहे. 2003 मध्ये अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने एका अहवालात एक उदाहरण मांडलं, 10,000 कर्मचारी, त्यात 10 हेर. टेस्ट प्रत्यक्षात आहे त्यापेक्षा चांगली धरली आणि 10 पैकी 8 हेर सापडतील इतकी कडक लावली, तरी त्यांच्यासोबत 1,598 निर्दोष माणसं नापास होतात. वाईट माणसं मुळात थोडी असली की असंच होणार, मशीन थोडंफार सुधारलं तरी. त्याच अहवालात स्पष्ट म्हटलंय की अशा सरसकट चाळणीसाठी ही टेस्ट पुरेशी अचूक नाही.

मग खाती ती सोडत का नाहीत? कारण लोक कबूल करतात. मशीनला सगळं कळतंय असं वाटलं की माणूस आधीच्या ड्रग्जबद्दल, लपवलेल्या गोष्टींबद्दल आपणहून बोलतो, आणि ती माहिती बऱ्याचदा खरी निघते, हे मान्यच करायला हवं. पण ते काम भीतीने केलं, सेन्सरने नाही.

जो उगाच नापास झाला त्याचं पुढे काय होतं हे मला जास्त टोचतं. तो दुसऱ्या शहराच्या पोलिसात अर्ज करतो, तिथल्या फॉर्मवर बऱ्याचदा प्रश्न असतो, याआधी कुठे पॉलिग्राफ दिली होती का, निकाल काय लागला. आणि तिथे त्याला खरं लिहावंच लागतं.