विंडो

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश बाँबफेकी विमानांनी रात्रीच्या मोहिमांत जर्मन रडारला चकविण्यासाठी हवेत सोडलेल्या, एका बाजूस ॲल्युमिनियमचा वर्ख व दुसऱ्या बाजूस काळा कागद असलेल्या अरुंद पट्ट्या. पट्टीची लांबी रडारच्या तरंगलांबीच्या निम्मी असली, की तिचा प्रतिध्वनी (रडारकडे परत येणारा तरंग) आकाराच्या मानाने फारच प्रबळ येतो. विमानवेधी तोफांना लक्ष्य दाखविणारे वुर्ट्सबुर्ग रडार सुमारे ५३ सेंमी. तरंगलांबीवर चालत असल्याने पट्ट्या २७ सेंमी.च्या आसपास ठेवल्या गेल्या.

या कल्पनेचे श्रेय कोणाचे, याविषयी एकमत नाही. ब्रिटिश शास्त्रज्ञ आर. व्ही. जोन्स यांनी ती १९३७ मध्येच सुचविल्याचे नमूद केले आहे. तथापि तो विचार सूचनेपुरताच राहिला आणि भौतिकीविज्ञ जोन करन यांच्या १९४२ मधील प्रयोगांमुळे तिला वापरण्याजोगे रूप आले, हे मत अधिक ग्राह्य वाटते. त्याच सुमारास जर्मनांनीही ‘ड्युपेल’ या नावाने असेच प्रयोग केले होते, तर जपान्यांनी १९४३ मध्ये सॉलोमन बेटांच्या परिसरात अशा पट्ट्या वापरल्या. त्यामुळे हा शोध एकाहून अधिक ठिकाणी स्वतंत्रपणे लागला असावा. शत्रूने हीच युक्ती उचलली तर आपलीच शहरे उघडी पडतील, या धास्तीने ब्रिटिश व जर्मन या दोघांनीही ती काही काळ दडवून ठेवली.

अखेर २४–२५ जुलै १९४३ च्या रात्री हँबर्गवरील हल्ल्यात विंडो प्रथम वापरण्यात आली. विमानातील एका कर्मचाऱ्याने अंधारात, प्राणवायूची नळी सांभाळत, साधारण दर मिनिटाला पट्ट्यांचे एक पुडके बाहेर टाकावयाचे, अशी रीत होती. निघालेल्या ७९१ विमानांपैकी १२ परतली नाहीत. त्या काळच्या मानाने ही हानी अल्प होती. त्याच मालिकेतील २७–२८ जुलैच्या हल्ल्यात उसळलेल्या अग्निवादळात मात्र हजारो नागरिक मृत्युमुखी पडले.

जर्मनांनी अधिक लांब तरंगांवर चालणारे एसएन-२ रडार रात्रलढाऊ विमानांवर बसवून या उपायावर बऱ्याच अंशी मात केली. न्यूरेंबर्गवरील मोहिमेत (३०–३१ मार्च १९४४) ९५ विमाने गमावली गेली, त्यामागे अन्य कारणांबरोबर हेही एक होते. जुलै १९४४ मध्ये एक जर्मन विमान चुकून इंग्लंडमधील वुडब्रिज येथे उतरले, तेव्हा हे रडार ब्रिटिशांच्या हाती लागले व त्यास अनुरूप लांब पट्ट्या तयार झाल्या. तत्पूर्वी, ५–६ जून १९४४ च्या रात्री, ब्रिटिश हवाई दलाच्या ६१७ व्या स्क्वाड्रनने (विमानतुकडीने) जर्मनव्याप्त फ्रान्सच्या किनाऱ्यासमोर ठरावीक फेऱ्या मारीत विंडो सोडून आरमारी ताफा येत असल्याचा आभास निर्माण केला होता.