एककरहित सेटिंगचा इशारा (इलॅस्टिकसर्च)

इलॅस्टिकसर्च या शोधप्रणालीच्या २.x आवृत्त्यांवर चालणाऱ्या क्लस्टरमध्ये (एकत्र काम करणाऱ्या सर्व्हरांच्या गटात) कालावधी किंवा बाइटमधील आकार सांगणारी एखादी सेटिंग नुसत्या आकड्यात जतन केलेली आढळली, की लॉगमध्ये (प्रणालीच्या नोंदींच्या फाइलमध्ये) एकक नसल्याचा इशारा उमटतो. १.x आवृत्त्यांमध्ये असा आकडा विनातक्रार स्वीकारला जाई आणि कालावधी असेल तर तो मिलिसेकंदांत, आकार असेल तर बाइटमध्ये धरला जाई. ऑक्टोबर २०१५ मध्ये आलेल्या २.० आवृत्तीने एकक अनिवार्य केले; अपवाद फक्त ० आणि -१ या मूल्यांचा. जुन्या आवृत्तीतून जपून ठेवलेल्या सेटिंगला मात्र ही आवृत्ती स्वतःच गृहीत एकक जोडते आणि पुढील आवृत्त्यांमध्ये ही चूक मानली जाईल, असे लॉगमध्ये बजावते.

येथेच खरी मेख आहे. प्रणाली जे एकक जोडते ते तिने आजवर लावलेल्या अर्थाचे असते. लिहिणाऱ्याच्या मनातले असेलच असे नाही. इंडेक्स, म्हणजे शोधण्याजोग्या दस्तऐवजांचा साठा, किती वेळाने ताजा करायचा हे ठरवणाऱ्या रिफ्रेश इंटरव्हलसमोर कोणी अर्ध्या मिनिटाच्या हेतूने ‘३०’ लिहिले असेल, तर इंडेक्स दर ३० मिलिसेकंदांनी ताजा करण्याचा आदेश दिला गेला आहे, आणि त्यामुळे लहान लहान सेगमेंटची (इंडेक्सच्या तुकड्यांची) रास साचून ती एकत्र करण्याचा भार वाढतो. पुनर्प्राप्तीच्या (एका नोडवरून, म्हणजे क्लस्टरमधील सर्व्हरवरून, दुसऱ्यावर डेटा हलवण्याच्या) वेगमर्यादेत ४० मेगाबाइटऐवजी नुसते ‘४०’ राहिले, तर ती सेकंदाला ४० बाइट ठरते. त्या गतीने एक गिगाबाइट हलवायला सुमारे ३१० दिवस लागतील. म्हणून इशारा घालवण्यासाठी आकड्यापुढे ‘एमएस’ (मिलिसेकंद) चिकटवून मोकळे होणे हा उपाय नव्हे. मूळ हेतू काय होता, हे आधी शोधले पाहिजे.

दुरुस्ती कोठे करायची हे सेटिंग कोठे आहे त्यावर ठरते. क्लस्टर सेटिंग्जच्या एपीआयने (चालू प्रणालीला आज्ञा पाठवण्याच्या मार्गाने) दिलेले तात्पुरते मूल्य सर्वांत वरचढ, त्याखाली कायमस्वरूपी मूल्य, मग प्रत्येक नोडवरील इलॅस्टिकसर्च.वायएमएल फाइल आणि शेवटी मूळ डीफॉल्ट. त्यामुळे फाइल कितीही काळजीपूर्वक सुधारली, तरी क्लस्टरमध्ये जतन झालेले जुने मूल्यच चालू राहते. ते एपीआयनेच एककासह पुन्हा लिहावे लागते. फाइलमधील बदल मात्र संबंधित सर्व नोडवर सारखाच करून ते नोड एकेक करून पुन्हा सुरू करावे लागतात. इंडेक्सपुरत्या सेटिंग त्या-त्या इंडेक्सच्या सेटिंग्जमध्ये बदलतात.

कालावधीसाठी दिवस, तास, मिनिट, सेकंद आणि मिलिसेकंद यांची अनुक्रमे डी, एच, एम, एस आणि एमएस ही लघुरूपे आहेत. यांपैकी ‘एम’ आणि ‘एमएस’ यांत गल्लत झाली, तर मूल्य ६०,००० पटींनी बदलते आणि एकक उपस्थित असल्यामुळे कोणताही इशारा येत नाही. आकाराच्या एककांत प्रत्येक पायरी १,०२४ पटींची असते, त्यामुळे ४० मेगाबाइट म्हणजे ४,१९,४३,०४० बाइट.