तिम्नाच्या खाणी नेमक्या कोणाच्या?

इस्रायलच्या दक्षिण टोकाला एलातहून उत्तरेकडे निघालं की साधारण २५ किलोमीटरवर, अराबाच्या खोऱ्यात, तांब्याच्या जुन्या खाणींचं तिम्ना लागतं. येणारा प्रत्येक जण आधी फोटो काढतो तो लाल वालुकाश्माच्या ‘शलमोनाच्या खांबां’चा. शलमोन म्हणजे बायबलमधला इस्राएलचा राजा. हे खांब वाऱ्यापाण्याने कोरले, कोणत्याही राजाने नव्हे. नावाचा घोळ मात्र खांबांपाशी थांबत नाही, थेट खाणींत उतरतो: त्यांनाही ‘शलमोनाच्या खाणी’ म्हणतात.

बायबलच्या जुन्या करारात ‘शलमोनाच्या खाणी’ नाहीतच. त्यातल्या ‘१ राजे’ या पुस्तकात ९:२६ मध्ये एसयोन-गेबेर या बंदरात शलमोनाने बांधलेली जहाजं आहेत. ७:४६ मध्ये मंदिराची भांडी यार्देनेच्या मैदानात, सुक्कोथ आणि सारतान यांच्या दरम्यान ओतल्याचं लिहिलंय. तांबं कुठल्या डोंगरातून आणलं, ते सांगितलेलं नाही. हा शब्दप्रयोग लोकांच्या तोंडी बसला तो १८८५ सालच्या एका इंग्रजी साहसकादंबरीने, आणि तिच्यातल्या खाणी आफ्रिकेत आहेत, हिऱ्यांच्या.

१९३० च्या दशकात इथे फिरलेल्या संशोधकाने खापरं पाहून तांबं गाळायच्या इथल्या भट्ट्या इसवी सनापूर्वीच्या दहाव्या शतकातल्या, म्हणजे शलमोनाच्या काळातल्या ठरवल्या. एका टेकडीभोवती भिंत दिसली. ती मजूर पळू नयेत म्हणून असणार, असा तर्क झाला आणि टेकडीचं नाव पडलं ‘गुलामांची टेकडी’. पुढे १९६९ मध्ये खांबांच्या पायथ्याशी हाथोर देवीचं छोटं इजिप्शियन मंदिर सापडलं. त्यात सेती पहिला ते रामसेस पाचवा या फारोंच्या, म्हणजे इजिप्तच्या राजांच्या, नावांच्या वस्तू होत्या. काळ एकदम इ.स.पू. तेराव्या-बाराव्या शतकावर गेला आणि शलमोन बाद झाला.

इजिप्शियन निघून गेल्यावर वाळवंटातल्या मिद्यानी लोकांनी त्याच जागी आपलं देवस्थान थाटलं, वर तंबू टाकला. जाड कापडाचे तुकडे मिळाले, आणि मिळाला तांब्याचा एक लहान साप, डोक्याला सोन्याचा मुलामा दिलेला. बायबलमधल्या मोशेने रानात खांबावर टांगलेला साप (‘गणना’ हे पुस्तक, अध्याय २१) इथे कोणालाही आठवेल. आपल्या मराठी बायबलात तो ‘पितळेचा’ आहे. मूळ हिब्रू ‘नहोशेत’ म्हणजे तांबं किंवा कांसं. जस्त मिसळलेल्या पितळेचा तो काळच नव्हे. अराबाचा विचार करताना ‘तांब्याचा’ असंच वाचावं.

गेल्या दशकात काटा पुन्हा फिरला. टेकडीवरच्या खजुराच्या बियांचं वय ठरवणारं कार्बन-१४ मापन झालं आणि दहावं शतकच आलं. बातम्यांत शलमोन परतला. पण बियांवर राजाचं नाव नसतं. तिथे ना राजवाडा, ना त्याचा शिलालेख. खोऱ्यापलीकडे, आज जॉर्डनमध्ये असलेल्या फेनानच्या भट्ट्याही त्याच काळात पेटलेल्या होत्या, आणि तो मुलूख अदोम या शेजारच्या राज्याचा. तंबूत राहणाऱ्या अदोमी टोळ्यांनीच हा धंदा उभा केला, असं एक गट म्हणतो. यरुशलेमचा, म्हणजे शलमोनाच्या राजधानीचा, हात त्यामागे होता, असं दुसरा. मला पहिलं पटतं. तंबूत राहणाऱ्यांना राज्य उभारता येत नाही, हे गृहीतक फार काळ तपासलंच गेलं नव्हतं.

गुलामांचं म्हणाल, तर टेकडीवर शेळ्यामेंढ्यांच्या चांगल्या मांसाची हाडं निघाली, माशांचे काटे निघाले. याच खोऱ्यात समुद्री गोगलगायींपासून काढलेल्या जांभळ्या रंगाची लोकर मिळाली, इ.स.पू. १००० च्या आसपासची. हा रंग भूमध्य समुद्रावरून यायचा. तांबं गाळणं हे हुन्नराचं काम. भाते किती मारायचे, आच किती ठेवायची, हे जाणणाऱ्या माणसाला उपाशी ठेवून चालत नाही. भिंत त्यांच्या मालाच्या राखणीसाठी असावी.

त्याआधीची हजारो वर्षं इथे ओझरतीच सांगता येतील: ताम्रपाषाणयुगातही लोक इथलं हिरवं खनिज गोळा करत होते. शेवट मात्र भट्ट्यांच्या राखेतच आहे. सुरुवातीच्या थरांत बाभूळवर्गीय झाडांचा आणि रेतम झुडपाचा कसदार कोळसा दिसतो. नंतरच्या थरांत हलकं लाकूड, तेही लांबून आणलेलं. इ.स.पू. नवव्या शतकात भट्ट्या विझल्या, आणि आसपासचं रान आजही पुरतं भरून आलेलं नाही.